जैविक पदार्थांपासून कार्बनचे सच्छिद्र सूक्ष्मगोल : ते बनतात कसे आणि उपयोगी पडतात कोठे

भिलाई : छत्तीसगडमधील भिलाई हे शहर कार्बनच्या बळावर उभे राहिले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि तत्कालीन सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारातून येथील पोलाद कारखाना साकारला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. लोहखनिजातील ऑक्सिजन काढून घेण्याचे काम झोतभट्टीत कोक करतो. हा कोक म्हणजे दगडी कोळसा हवेविना सुमारे एक हजार अंश सेल्सियसपर्यंत तापवून मिळवलेला कार्बन होय.

शहराची हद्द ओलांडली की भाताची खाचरे लागतात. पूर्वेला रायपूरकडे, पश्चिमेला राजनांदगावकडे आणि पुढे महाराष्ट्रातील गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत हा भाताचाच पट्टा आहे. भाताचे तूस, बांबूचे तुकडे, झडलेला पाला, फळांच्या बिया आणि टरफले यांतही कार्बनच आहे. फरक एवढाच की दगडी कोळशातील कार्बन कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचा आहे, तर तुसातील कार्बन गेल्या पावसाळ्यात हवेतून घेतलेला आहे. या ताज्या कार्बनला योग्य आकार आणि योग्य छिद्रे देता आली, तर पाणी शुद्ध करण्यापासून बॅटरीपर्यंत अनेक कामांत तो उपयोगी पडतो. गेल्या दोन-अडीच दशकांत जगभरच्या आणि महाराष्ट्रातीलही प्रयोगशाळांनी ज्या पदार्थांकडे लक्ष वळवले, त्यांत कार्बनच्या सच्छिद्र सूक्ष्मगोलांचा समावेश होतो.

कबड्डीची नऊ मैदाने

सूक्ष्मगोल म्हणजे साधारणपणे एका मायक्रोमीटरच्या काही अंशांपासून काही शे मायक्रोमीटरपर्यंत व्यास असलेला कार्बनचा गोल कण. डोक्याचा केस साधारणपणे ५० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या कणांच्या आकाराची कल्पना येते. त्याचे खरे मोल मात्र त्याच्या पोटातील छिद्रांत असते. रसायनशास्त्रात छिद्रांचे तीन वर्ग मानले जातात. २ नॅनोमीटरहून लहान ती सूक्ष्मछिद्रे, २ ते ५० नॅनोमीटरची मध्यछिद्रे आणि त्याहून मोठी ती स्थूलछिद्रे. स्थूलछिद्रे हमरस्त्यांसारखी, मध्यछिद्रे गल्ल्यांसारखी, तर सूक्ष्मछिद्रे घरांच्या खोल्यांसारखी असतात. द्रवातील किंवा वायूतील रेणू या वाटांनी आत येतात आणि भिंतींना चिकटून राहतात. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. स्पंज पाणी पोटात घेतो ते शोषण; येथे रेणू केवळ पृष्ठभागावर धरले जातात. म्हणून पृष्ठभाग जितका अधिक, तितकी धरून ठेवण्याची क्षमता अधिक.

हा पृष्ठभाग किती असावा? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सतीशचंद्र ओगले यांच्या गटाने कडुनिंबाच्या वाळलेल्या पानांपासून बनवलेल्या कार्बनचा पृष्ठभाग एका ग्रॅमला सुमारे १,२३० चौरस मीटर इतका भरला. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, म्हणजे १३० चौरस मीटरचे असते. चिमूटभर काळ्या भुकटीत अशी नऊहून अधिक मैदाने घडी घालून ठेवलेली आहेत, असे समजायला हरकत नाही.

जुनी विद्या, नवे रूप

कोळशाचा हा गुण माणसाला नवा नाही. स्वीडनचे कार्ल विल्हेल्म शीले यांनी १७७३ मध्ये कोळसा वायू धरून ठेवतो हे प्रयोगाने दाखवले. रशियातील योहान टोबियास लोवित्झ यांनी १७८५ मध्ये कोळशाने द्रावणाचा रंग काढता येतो हे नोंदवले. पुढे साखर कारखान्यांत रस स्वच्छ करण्यासाठी कोळसा वापरला जाऊ लागला. राफाएल फॉन ओस्त्रेय्को यांनी १९०० आणि १९०१ मध्ये घेतलेल्या पेटंटांतून कोळसा 'सक्रिय' करण्याच्या दोन वाटा निश्चित झाल्या. एक वाट रसायनांची, तर दुसरी तप्त वाफेची किंवा कार्बन डायऑक्साइडची. आजचे कारखानेही मुख्यतः याच दोन वाटांनी चालतात. पहिल्या महायुद्धात विषारी वायूचा वापर सुरू झाला, तेव्हा सैनिकांच्या मुखवट्यांत सक्रिय कार्बन भरण्यात आला आणि त्यासाठी नारळाच्या करवंट्या व फळांच्या कोयी गोळा करण्यात आल्या.

याच काळात जर्मनीचे फ्रीडरिश बर्गियुस यांनी आणखी एक वाट शोधली. वनस्पतींतील सेल्युलोज बंद भांड्यात पाण्यासह तापवल्यास त्याचे रूपांतर दगडी कोळशासारख्या पदार्थात होते, हे त्यांनी १९१३ च्या सुमारास दाखवले. निसर्गाला ज्याला कोट्यवधी वर्षे लागली, ते काम काही तासांत झाले. उच्च दाबाखालील रसायनशास्त्रातील कार्याबद्दल बर्गियुस यांना १९३१ चे नोबेल पारितोषिक कार्ल बॉश यांच्यासह मिळाले. त्यांची ही विशिष्ट पद्धत मात्र दीर्घकाळ बाजूला पडली. २००१ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी साखरेपासून एकसारख्या आकाराचे कार्बनगोल तयार केल्याचे प्रसिद्ध केले आणि २००४ मध्ये ग्लुकोजच्या द्रावणापासून असेच गोल मिळवले गेले. त्यानंतर जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेनेही हा विषय हाती घेतला आणि बर्गियुस यांची विद्या नव्याने चर्चेत आली.

गोल आकार येतो कोठून

लाकूड किंवा तूस नुसते जाळले तर गोल मिळत नाहीत. लोणारी कोळसा भिंगाखाली पाहिल्यास त्यात लाकडाच्या पेशींची नक्षी जशीच्या तशी दिसते. गोल आकारासाठी तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग साखरेच्या द्रावणाचा. ग्लुकोज, साखर किंवा पिष्ट पाण्यात मिसळून ते मिश्रण पोलादी बंद भांड्यात १६० ते २५० अंश सेल्सियसपर्यंत काही तास तापवतात. साखरेच्या रेणूंतून पाणी निघून जाते आणि फ्युरान गटातील संयुगे तयार होतात. ती एकमेकांना जोडली जाऊन मोठे रेणू बनतात. हे मोठे रेणू पाण्यात विरघळून राहू शकत नाहीत. ते अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपाने वेगळे होतात. पावसाचा लहान थेंब ज्या पृष्ठताणामुळे गोल होतो, त्याच कारणाने हे थेंबही गोल होतात आणि वाढत वाढत घट्ट होतात. द्रावणाची तीव्रता, तापमान आणि वेळ यांवर गोलांचा आकार ठरतो.

दुसरा मार्ग निसर्गानेच गोल घडवलेल्या कणांचा. परागकण, बुरशीचे बीजाणू आणि यीस्टच्या पेशी यांना स्वतःचा आकार असतो. परागकणांचे कवच इतके चिवट असते की हवेविना तापवल्यावरही आकार बराचसा टिकतो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात विलास पोळ यांच्या गटाने मधमाश्यांनी गोळा केलेले पराग आणि तळ्याकाठी उगवणाऱ्या पाणकणसाचे पराग यांपासून लिथियम बॅटरीचे ऋणाग्र बनवले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात पाणकणसाच्या परागांपासून बनवलेल्या कार्बनने सामान्य तापमानाला ग्रॅममागे ३८२ मिलीअँपिअर-तास इतका विद्युतभार साठवला. ग्रॅफाइटची सैद्धांतिक मर्यादा ३७२ आहे. पोळ यांनी त्यापूर्वी अमेरिकेतील अर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेत टाकाऊ प्लॅस्टिकपासून कार्बनचे सूक्ष्मगोल बनवले होते.

तिसरा मार्ग थेंब पाडण्याचा. सागरी शेवाळापासून मिळणारे अल्जिनेट किंवा कोळंबीच्या कवचापासून काढलेले कायटोसान यांचे द्रावण योग्य रसायनात थेंबाथेंबाने सोडले की प्रत्येक थेंब मऊ मण्यासारखा गोठतो. बुंदी पाडताना झाऱ्याची भोके जशी दाण्यांचा आकार ठरवतात, तसा येथे नळीच्या तोंडावरून मण्याचा आकार ठरतो. हे मणी काळजीपूर्वक वाळवून नंतर भट्टीत कार्बनरूप केले जातात.

छिद्रे पाडण्याचे काम

साखरेपासून मिळालेला तपकिरी गोल हा अर्धा कच्चा माल असतो. त्यात ऑक्सिजन बराच असतो आणि छिद्रे फारशी नसतात. तो नायट्रोजनसारख्या निष्क्रिय वायूत ६०० ते ९०० अंशांपर्यंत तापवला की वायू बाहेर पडतात आणि कार्बनचा सांगाडा उरतो. त्यानंतर सक्रियणाची पायरी येते.

वाफेच्या पद्धतीत ८०० ते ९०० अंशांवर पाण्याची वाफ कार्बनला कोरते. त्यातून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतात. कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित आणि प्राणघातक वायू आहे. पोलाद कारखान्यात काम करणाऱ्यांना त्याची धास्ती सांगावी लागत नाही. रासायनिक पद्धतीत पोटॅशियम हायड्रॉक्साइड, फॉस्फोरिक आम्ल किंवा झिंक क्लोराइड वापरतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइड कार्बनशी अभिक्रिया करते आणि मुक्त झालेले पोटॅशियम कार्बनच्या थरांत शिरून ते फाकवते. या मार्गाने पृष्ठभाग पुष्कळ वाढतो, पण वजनाने कार्बनच्या काही पट क्षार लागतो आणि नंतर तो धुऊन काढावा लागतो. हे धुण्याचे अल्कधर्मी पाणी उघड्यावर सोडता येत नाही.

कडुनिंबाच्या पानांच्या प्रयोगाचे महत्त्व येथे कळते. ओगले यांच्या गटाने वाळलेल्या पानांची पूड एकाच टप्प्यात तापवली. स्वतंत्र सक्रियण केलेच नाही. पानांतील मऊ सेंद्रिय द्रव्ये आणि धातूंचे क्षार यांनीच छिद्रे पाडण्याचे काम केले, असे या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सुचवले. अशोकाच्या पानांवर हाच प्रयोग केला असता निराळ्या गुणांचा कार्बन मिळाला. म्हणजे झाड बदलले की कार्बनही बदलतो. हा कार्बन गोल आकाराचा नव्हता, तथापि कच्च्या मालाची निवड किती निर्णायक असते याचे तो उत्तम उदाहरण आहे.

कापूर ते रिठा

महाराष्ट्रात या विषयाची परंपरा त्याहून जुनी आहे. मुंबईच्या आयआयटीत प्रा. महेश्वर शेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये देवघरातील कापरापासून फुलरीन हा कार्बनचा पोकळ गोलाकार रेणू मिळवल्याचे जाहीर केले. पेट्रोलियमऐवजी वनस्पतीजन्य द्रव्य वापरण्याचा हा विचार पुढे वाढत गेला. कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयातील केंद्रातून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात रिठा, खजूर आणि कडुनिंब यांच्या बिया, चहाची पाने, बांबूचे खोड आणि नारळाचा काथ्या यांपासून कोणत्याही उत्प्रेरकाशिवाय सच्छिद्र कार्बन बनवला गेला आणि लिथियम बॅटरीत तपासला गेला. रिठ्याच्या बियांपासूनचा कार्बन त्यांत सरस ठरला. शंभर वेळा भारित-अभारित केल्यावरही त्याची क्षमता ग्रॅममागे सुमारे १३० मिलीअँपिअर-तास राहिली. ग्रॅफाइटच्या तुलनेत हा आकडा कमीच आहे. पण स्वस्त बियांपासून कामचलाऊ विद्युताग्र बनते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

पाण्याचा प्रश्न

भिलाईच्या परिसरात या विषयाचा सर्वांत निकडीचा धागा पाण्याशी जुळतो. कोक बनवताना निघणाऱ्या सांडपाण्यात फिनॉल, अमोनिया आणि सायनाइड असते. अशा पाण्यावर प्रामुख्याने जीवाणूंच्या साहाय्याने प्रक्रिया केली जाते आणि उरलेसुरले फिनॉल व रंग काढण्यासाठी सक्रिय कार्बन उपयोगी पडतो. फिनॉलसारखे सेंद्रिय रेणू कार्बनला सहज चिकटतात.

आर्सेनिकची गोष्ट वेगळी आहे. तेव्हाच्या मध्य प्रदेशातील राजनांदगाव जिल्ह्यातील भूजलात आर्सेनिक असल्याचे १९९९ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अंबागड चौकी परिसरातील कौडीकसा हे गाव त्यामुळे चर्चेत आले. गडचिरोलीला लागून असलेला हा भाग आता मोहला-मानपूर-अंबागड चौकी या स्वतंत्र जिल्ह्यात येतो. अनेक वर्षे असे पाणी पोटात गेल्यास त्वचेवर डाग आणि चामखिळीसारखी कठीण वाढ दिसू लागते. कर्करोगाचा धोकाही वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. एवढ्या प्रमाणातील आर्सेनिकला चव नसते, वास नसतो, रंग नसतो. त्यामुळे हातपंपाच्या नितळ पाण्यावरून गावकऱ्याला काहीच कळत नाही.

नुसता सक्रिय कार्बन आर्सेनिकपुढे दुबळा पडतो. घरातील साध्या कार्बन गाळणीवर विसंबून आर्सेनिकयुक्त पाणी पिणे म्हणूनच धोक्याचे आहे. आर्सेनिकला घट्ट धरतात ती लोहाची ऑक्साइडे. पण लोहाच्या ऑक्साइडची बारीक भुकटी पाण्याबरोबर वाहून जाते किंवा गाळणी तुंबवते. येथे सूक्ष्मगोल मदतीला येतो. सच्छिद्र कार्बनगोलाच्या आत लोहाचे ऑक्साइड बसवले तर कार्बन सांगाड्याचे काम करतो आणि लोह आर्सेनिक पकडते. सारख्या आकाराचे गोल नळीत भरले की त्यांच्यामधील मोकळ्या जागाही सारख्या राहतात, पाणी कमी अडथळ्याने वाहते आणि कण एकमेकांवर घासून धूळ होत नाही. ओबडधोबड खडीपेक्षा सारख्या गोट्यांच्या ढिगातून पाणी सहज झिरपते, तसेच हे आहे. तरीही एक प्रश्न उरतोच. वापरून झालेला हा माल आर्सेनिकने भरलेला असतो आणि तो सुरक्षितपणे बाजूला करण्याची व्यवस्था नसेल, तर विष फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते.

बॅटरी आणि महाधारित्र

विजेच्या साठवणुकीत छिद्रांचा उपयोग दोन निरनिराळ्या प्रकारे होतो. महाधारित्रात विद्युतभारित कण, म्हणजे आयन, कार्बनच्या पृष्ठभागावर केवळ रांगेने उभे राहतात. रासायनिक बदल जवळजवळ होत नाही. त्यामुळे ते काही सेकंदांत भारित होते आणि लाखो वेळा वापरता येते. येथे उघडी छिद्रे आणि विपुल पृष्ठभाग हवा. कडुनिंबाच्या पानांच्या कार्बनने आम्लाच्या द्रावणात ग्रॅममागे ४०० फॅरड इतके धारित्व दाखवले. मात्र असे आकडे फक्त विद्युताग्रातील कार्बनच्या वजनावर काढलेले असतात. वेष्टन आणि द्रावण धरून संपूर्ण उपकरणाचा हिशेब केला की ते बरेच खाली येतात.

सोडियम-आयन बॅटरीत गणित उलटे होते. लिथियमच्या बॅटरीतील ग्रॅफाइट सोडियमला फारसे सामावून घेत नाही. त्याऐवजी थरांची विस्कळीत रचना असलेला 'कठीण कार्बन' लागतो. कॅनडातील स्टीव्हन्स आणि डान यांनी २००० मध्ये ग्लुकोजपासून असा कार्बन बनवून ग्रॅममागे सुमारे ३०० मिलीअँपिअर-तास क्षमता दाखवली. येथे आतली पोकळी हवी, पण तिचे तोंड बाहेर उघडे नको. उघडा पृष्ठभाग जास्त असेल तर पहिल्याच भारणात सोडियमचा मोठा वाटा वाया जातो. म्हणून अधिक छिद्रे म्हणजे अधिक चांगला कार्बन, हा समज चुकीचा आहे. भारताच्या दृष्टीने या बॅटरीचे आकर्षण असे की सोडियम मिठातून मिळतो, तर लिथियमसाठी देशाला आयातीवर अवलंबून राहावे लागते. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने पुण्याच्याच आयसर संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले.

औषध म्हणून कार्बन

विषबाधेच्या काही प्रकारांत रुग्णालयात सक्रिय कोळसा पाण्यात कालवून पाजतात. विष आतड्यातून रक्तात उतरण्यापूर्वी त्यातील रेणू कोळसा धरून ठेवतो. मद्यार्क, लोह, लिथियम, तीव्र आम्ले आणि अल्क यांवर तो उपयोगी पडत नाही. जपानमध्ये १९९१ पासून मूत्रपिंडाच्या जुनाट विकारासाठी बारीक गोल कणांचा कार्बन पोटात देण्यास मान्यता आहे. आतड्यातील विषद्रव्यांच्या पूर्वरूपांना त्याने पकडावे ही कल्पना. हा कार्बन पेट्रोलियमच्या अवशेषापासून बनतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत मात्र त्याने रोगाची गती मंदावल्याचे एकंदरीत दिसून आले नाही. चुलीतील कोळसा हा याला पर्याय नव्हे, हेही येथे सांगायला हवे. त्यात डांबरी द्रव्ये आणि राख असते.

तुसाचा हिशेब

मग भाताच्या पट्ट्यात तुसापासून कार्बनगोलांचे कारखाने का उभे राहिले नाहीत? पहिले कारण तुसाच्या घडणीत आहे. भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग तूस असते आणि तुसात सिलिका भरपूर असते. कार्बन शुद्ध हवा असेल तर ही सिलिका क्षाराने विरघळवून काढावी लागते. ती काढताना मागे छिद्रे राहतात आणि मिळणारे सोडियम सिलिकेट विकताही येते, पण प्रक्रियेचा एक टप्पा वाढतो. दुसरे कारण असे की तूस फुकट पडून राहत नाही. भात गिरण्यांच्या बॉयलरमध्ये आणि वीजनिर्मितीसाठी ते जाळले जाते; त्याला भाव आहे.

साखरेच्या मार्गाचीही मर्यादा आहे. ग्लुकोजच्या वजनात कार्बन ४० टक्केच असतो. एक किलो ग्लुकोजमधून कितीही काटकसर केली तरी ४०० ग्रॅमहून अधिक कार्बन मिळणे शक्य नाही, आणि प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळतो. खाण्याची साखर त्यासाठी वापरणे परवडणारे नाही. मळी किंवा पिष्टयुक्त सांडपाणी यांचाच विचार करावा लागतो. शिवाय २०० अंशांवर बंद भांड्यातील पाण्याचा दाब वातावरणाच्या सुमारे पंधरा पट होतो. घरातील प्रेशर कुकरमध्ये तो जेमतेम दुप्पट असतो. त्यामुळे हे घरगुती प्रयोगाचे काम नव्हे. त्यासाठी तपासलेली भांडी आणि प्रशिक्षित माणसे हवीत.

तिसरी अडचण एकसारखेपणाची. बॅटरीच्या कारखान्याला प्रत्येक पोत्यात तोच कार्बन हवा असतो, तर एका शेतातील तूस दुसऱ्यासारखे नसते. जमीन, वाण आणि पाऊस यांनुसार त्यातील राख बदलते. प्रयोगशाळेतील काही ग्रॅमचे यश कारखान्यातील काही टनांपर्यंत नेताना बहुतेक योजना याच ठिकाणी अडतात.

भट्टीचे तापमान सांभाळणे, निघणारे वायू पकडणे, सांडपाणी शुद्ध करणे आणि प्रत्येक खेपेची तपासणी करणे, ही सारी कामे कोकच्या निमित्ताने भिलाईने सहा दशकांहून अधिक काळ केली आहेत. २०१६ पासून शहराच्या नावाची आयआयटीही सुरू झाली असून फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्या कायमस्वरूपी संकुलाचे उद्‌घाटन झाले. कच्चा माल भोवतालच्या खाचरांत आहे आणि गरज तासा-दोन तासांच्या अंतरावरील हातपंपांवर आहे. या दोहोंना जोडणारा कार्बन किती स्वस्त आणि किती खात्रीचा बनवता येतो, यावर त्याचे भवितव्य अवलंबून आहे.